बाबांवरचं एक वाक्य

पुणं सोडून परदेशात आल्यावर, पेंडल हिलच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दाराशीच छताला स्मोक अलार्म लावलेला होता. आईने तेलात मोहरी टाकली की तो किंचाळायला लागायचा. मग बाबा हॉलमधून वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन यायचे, खुर्चीवर चढायचे, अलार्मखाली ती गुंडाळी जोरजोरात हलवायचे आणि हलवता हलवता आईवर ओरडायचे. "किती वेळा सांगितलं, पंखा आधी लाव! आधी!" आई पंखा लावायची, खिडकी उघडायची आणि कढईत पाणी ओतायची. फोडणी विझून चर्र आवाज व्हायचा आणि अलार्म त्याच्या मर्जीने कधीतरी गप्प व्हायचा. बाबा खाली उतरायचे, पण ओरडणं तसंच चालू असायचं, फक्त विषय बदललेला असायचा. मोहरीवरून ते विजेच्या बिलावर, बिलावरून ब्रेटवर आणि ब्रेटवरून माझ्यावर यायचे. पुण्यात वरणाला फोडणी देताना नुसता वास सुटायचा. इथे भांडण सुटायचं. आमची आमटी त्या घरात कायम जराशी कच्चट लागायची. आजही कुणाकडे चुरचुरीत फोडणीचं वरण खाल्लं की आधी माझे खांदे आवळतात, मग चव कळते.

ब्रेट हा बाबांचा साहेब. वयाने बाबांपेक्षा पुष्कळ लहान. बाबा पुण्यात पुलांची डिझाइनं करत होते. इथे स्किल्ड व्हिसावर आले आणि दुसऱ्यांनी काढलेली ड्रॉइंग तपासायच्या कामावर लागले. काम वाईट नव्हतं, पण त्यात त्यांचं स्वतःचं असं काही नव्हतं. चूक सापडली तर ती त्यांनी ब्रेटला सांगायची आणि ब्रेटने मीटिंगमध्ये आपली म्हणून मांडायची. हे मला पुढे कळलं. तेव्हा एवढंच दिसायचं की हा माणूस संध्याकाळी घरी येतो आणि घर आक्रसतं. आई पुण्यात शाळेत मराठी शिकवायची. इथे ती चाइल्डकेअरमध्ये लागली होती. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसायची आणि येताना स्टेशनजवळच्या दुकानातून मेथी, कढीलिंब, फ्रोझन नारळ घेऊन यायची. तिचा राग तिने बोलून दाखवला नाही. तो पोळ्या लाटताना दिसायचा. लाटणं पोळपाटावर इतक्या जोरात फिरायचं की पलीकडच्या बाईने एकदा आम्ही घरात रिनोव्हेशन करतोय का असं विचारलं होतं.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही आलो. शाळेत माझ्या इंग्लिशला मुलं हसायची. घरी बाबा माझं मराठी दुरुस्त करायचे आणि आईचं इंग्लिशही. हायस्कूलमध्ये फ्रेंचच्या वर्गात जागा उरली नाही म्हणून मला मँडरिनमध्ये, म्हणजे चिनीत, टाकलं गेलं. तिथे मला पहिल्यांदा एक जागा मिळाली जिथे सगळेच सारखे वाईट होते. आणि घरी त्यातलं कुणालाही काही कळत नव्हतं, हे त्याहून मोठं सुख. बाबा माझ्या वहीत डोकावायचे आणि त्यांना एक अक्षर लागायचं नाही. त्यांचा चेहरा मी बघत राहायचे. लोक विचारतात, चिनी भाषेची ओढ कशी लागली? मी सेमिनारमध्ये काहीतरी शोभेसं उत्तर देते. खरं उत्तर हे की मला त्या घरात एक खोली हवी होती जिला बाबांची किल्ली लागणार नाही.

युनीत, म्हणजे विद्यापीठात, मी बाबांच्या इच्छेने फार्मसीला गेले आणि दुसऱ्या वर्षी ती सोडून भाषाशास्त्र आणि चिनी घेतलं. ते घरी सांगितलं त्या संध्याकाळी अलार्म वाजला नव्हता तरी बाबा ओरडले. "चिनी शिकून काय करणार? डंपलिंग विकणार?"

"मेबी," मी म्हणाले.

"मराठीत बोल!"

"का? तुम्ही ब्रेटशी मराठीत बोलता?"

त्यांनी हातातला पेला टेबलावर आपटला. आई मध्ये पडली नाही. ती फक्त म्हणाली, "जेवून घ्या, मग भांडा." आम्ही जेवलो नाही आणि त्यानंतर पुष्कळ महिने बाबा मला नाव घेऊन हाक मारेनासे झाले. "जेवायचं असेल तर ताटं मांडलीत." "बाहेर जायचं असेल तर दार नीट लावून जावं." सगळी वाक्यं अशी, कुणाचीच नसलेली. मीही त्यांना तशीच उत्तरं द्यायला शिकले. त्या काळात आमच्या घरी भाषेची फार चांगली प्रॅक्टिस झाली.

आता शेन बाईंबद्दल. आम्हाला चिनी लेखन शिकवायच्या त्या. अंगाने लहान, इस्त्रीचा शर्ट गळ्यापर्यंत बंद, आवाज कधी चढायचा नाही. त्यांचा कुणावरच जीव नव्हता, माझ्यावर तर मुळीच नाही. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "तू इथे का आलीस? तुझ्याकडची मुलं कम्प्युटरला जातात." मी म्हणाले, मला आवडतं म्हणून. त्या म्हणाल्या, "आवडणं पुरत नाही." त्यांचं एक होतं, की त्या सगळ्यांशी सारख्याच तुसडेपणाने वागायच्या. पण ज्यांचे आईबाप घरी चिनी बोलत त्यांच्या चुका त्या नुसत्या खुणेने दाखवायच्या आणि माझ्या वर्गासमोर वाचून.

माझा निबंध त्यांनी वाचला तो दिवस मला नीट आठवतो. शेजारच्या म्हाताऱ्यावर लिहिला होता. चिनीत 'तो'ला 'ता' म्हणतात. माझ्या निबंधात जिथे जिथे 'ता' आला तिथे तिथे बाईंनी बोटांच्या सांध्यांनी टेबलावर टकटक केलं. तो उठतो, टक. तो दार उघडतो, टक. तो कुत्र्याला बाहेर नेतो, टक. तो कुणाशी बोलत नाही, टक. अर्ध्या पानातच वर्ग हसायला लागला. बाईंनी कागद खाली ठेवला. "ही चिनी नाही," त्या म्हणाल्या. "चिनी अक्षरांत लिहिलेलं इंग्लिश आहे. आम्ही बहिरे नाही. एकदा सांगितलं की आम्हाला ऐकू येतं."

नियम मला पाठ होता. पुस्तकात दिलेलाच होता. चिनी क्रियापदाला लिंग नाही, वचन नाही, 'मी केलं' आणि 'तिने केलं' यांत क्रियापद तसूभरही बदलत नाही. तरी चिनी लिहिणारा माणूस वाक्यावाक्यात कर्ता सांगत बसत नाही. ज्याच्याविषयी बोलायचं तो विषय सुरुवातीला एकदा मांडायचा, मग त्याच्याविषयीची एकेक गोष्ट स्वल्पविराम देत देत पुढे जोडत जायची. उठतो, दार उघडतो, कुत्र्याला नेतो, बोलत नाही. हे सगळं कुणाचं, ते वाचणारा पहिल्या शब्दावरून समजतो. विषय संपला की चिनी पूर्णविराम येतो, एक छोटंसं गोल. मध्येच उगाच 'तो' म्हटलं तर वाचणारा थबकतो, म्हणजे आणखी कुणी आलं की काय? हे सगळं कळत असूनही मला जमत नव्हतं. 'ता' गाळला की पायाखालची पायरी गेल्यासारखं वाटायचं. मी इंग्लिशमध्ये विचार करत होते. इंग्लिशला प्रत्येक क्रियापदापाशी माणूस उभा लागतो.

ते जमलं एका रविवारी, आईमुळे. आई रविवारी दुपारी पुण्याला शैलामावशीला फोन करायची. मी स्वयंपाकघरात दुधी सोलत होते. आई हॉलमध्ये होती आणि मी वर माझ्या खोलीत आहे अशी तिची समजूत होती.

"आमची मैथिली ना," आई म्हणाली, "अगं, काही विचारू नकोस. सकाळी उठते, चहासुद्धा घेत नाही, दार आपटून युनीला जाते, काय शिकते देव जाणे, संध्याकाळी येते, खोलीत जाऊन बसते, जेवायला बोलावलं तर इंग्लिशमध्ये उत्तर देते, ह्यांच्यासमोर मान वर करून बोलते, उद्या लग्नाचं बघायचं तर लोकांना सांगायचं काय, फार्मसी सोडली म्हणून सांगायचं?, मला तर आताशा भीतीच वाटते घरात, एवढी कडवट झालीये ना, आपली कुणी म्हणून वाटतच नाही."

सोलणी माझ्या हातातच राहिली. मला तिचा भयंकर राग आला. आपली कुणी म्हणून वाटत नाही! मी तिथून बाहेर जाऊन ओरडणारच होते. आणि त्याच क्षणी, रागाच्या बरोबर मधोमध, माझ्या लक्षात आलं की तिने माझं नाव एकदाच घेतलंय. अगदी सुरुवातीला. पुढचं सगळं त्याच्यावर लटकलेलं. त्यातही मध्येच करणारी माणसं बदलली होती. लोकांना सांगणार होते आई आणि बाबा, भीती वाटत होती आईला. तरी ते सगळं माझ्याविषयीच होतं आणि मावशीला एकदाही विचारावं लागलं नव्हतं की हे कुणाबद्दल. मराठीत उठते-जाते-बसते यांतून निदान बाई आहे एवढं कळतं. पण 'लोकांना सांगायचं काय' यात तर कुणीच नाही. तिथे नुसता विषयच सगळं धरून होता. मी जन्मभर ही भाषा ऐकत आले होते आणि चिनी लिहिताना तिला दाराबाहेर उभी करून इंग्लिशचं बोट धरत होते.

आईशी मी त्या दिवशी भांडले नाही. दुधी तसाच टाकून वर गेले आणि लिहायला बसले. शेन बाईंनी पुढचा विषय दिला होता, घरातलं एक माणूस. मी बाबांवर लिहिलं. चांगुलपणाने लिहिलं नाही. सुरुवातीला 'वडील' हा शब्द घातला आणि त्यानंतर पूर्ण परिच्छेदभर त्यांना नाव नाही, सर्वनाम नाही, काही नाही. संध्याकाळी येतात, गाडी ड्राइव्हवेत लावतात, इंजिन बंद करतात, उतरत नाहीत, काच वर ओढलेली, बोलू लागतात, कामावर साहेबाला जी उत्तरं द्यायची राहिली ती तिथे एकट्याने देतात, बोट उगारतात, मान हलवतात, एखादं इंग्लिश वाक्य चुकलं तर पुन्हा म्हणतात, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आईला दिसतं, गॅस बारीक करते, मग दार उघडतं, आत येतात, जे तिथे बोलायचं होतं ते इथे बोलतात, आवाज चढतो, गप्प. आणि तिथे ते छोटं गोल. मी ते वरच्या खिडकीतून कितीदा पाहिलं होतं. मी ते कागदावर उतरवलं तेव्हा मला वाईट वाटलं नाही, हलकं वाटलं, जबड्यात बरेच दिवस घट्ट धरलेलं काही सोडल्यासारखं.

निबंध दिल्यानंतर मला मार्क आले नाहीत, ईमेल आला. माझं लेखन माझं स्वतःचं नसल्याचा संशय आहे, कमिटीपुढे हजर राहावं, हवं असल्यास आधाराला एक व्यक्ती आणावी. शेन बाईंचं म्हणणं होतं की जी मुलगी गेल्या महिन्यापर्यंत प्रत्येक स्वल्पविरामाला 'ता' लिहीत होती तिने असा परिच्छेद लिहिणं शक्य नाही. त्या सेमिस्टरला त्यांच्याकडे विकत घेतलेले निबंध पकडले गेले होते, हेही खरं. आज मी स्वतः शिकवते, माझ्याच टेबलावर मुलांनी मशीनकडून लिहून घेतलेले निबंध येतात, आणि एखादा अचानक चांगला आला की माझ्या मनात पहिला विचार संशयाचाच येतो. त्यामुळे बाईंचा संशय मला आज कळतो. पण पटत मात्र आजही नाही. त्यांनी मला खोलीत बोलावून दोन प्रश्न विचारले असते तरी पुरलं असतं. त्यांनी आधी वर तक्रार केली.

मी घरी सांगणारच नव्हते. पण मी बाथरूममध्ये असताना आईने माझ्या लॅपटॉपवर तो ईमेल पाहिला आणि जेवताना बाबांसमोर विचारलं. बाबांनी घास खाली ठेवला. कितीतरी महिन्यांनी त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं.

"कोणाकडून लिहून घेतलंस?"

"मीच लिहिलंय."

"खरं सांग. आत्ता सांगितलंस तर मार्ग काढता येईल."

"आय सेड, मी लिहिलंय!"

"अहो, ती म्हणतेय ना," आई म्हणाली.

"तू गप्प बस. फार्मसी सोडली तेव्हाही ती म्हणतच होती." मग ते मला म्हणाले, "मी येणार तिथे. माझं आडनाव आहे ते."

मला ते नको होते. मी म्हणाले, आई येईल. पण आईला सुट्टी मिळेना, आणि बाबांनी ऑफिसात दुपारची रजा टाकली, जी त्यांनी माझ्या शाळेच्या एकाही कार्यक्रमाला टाकली नव्हती. विद्यापीठाकडे जाताना पॅरामॅटा रोडवर आम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलो. ते टाय लावून आले होते. सिग्नलला ते पुन्हा म्हणाले, "अजून वेळ आहे. चूक झाली म्हणायचं, माफी मागायची, विषय संपवायचा." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला शेन बाईंच्या आरोपापेक्षा शेजारच्या सीटवरचा तो टाय जास्त चीड आणत होता. सगळ्या जगाने माझ्यावर विश्वास ठेवला नसता तरी चाललं असतं असं मी म्हणणार नाही. पण यांनी आधी एकदा ठेवून बघायला हवा होता.

कमिटी म्हणजे एका छोट्या खोलीत अध्यक्ष म्हणून बसलेला एक म्हातारा गोरा प्राध्यापक आणि त्यांच्या बाजूला शेन बाई. प्राध्यापक भला माणूस वाटला. "नो वरीज, घाईची गरज नाही," असं तो दर पाच वाक्यांनी म्हणायचा. त्याने बाबांना सांगितलं की आधाराला आलेल्या माणसाने बोलायचं नसतं. बाबांनी मान डोलावली आणि हात मांडीवर ठेवून बसले, मुलाखतीला बसतात तसे. शेन बाईंनी माझ्याच निबंधाची प्रत माझ्यापुढे सरकवली.

"हे इंग्लिशमध्ये कर," त्या म्हणाल्या. "मोठ्याने. इथेच."

मी कागदाकडे पाहिलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे बाबांसमोर वाचायचंय. वाचलं नाही तर मी चोर. मी बाबांकडे न बघता सुरुवात केली.

चिनीत मी त्यांना एकदाच 'वडील' म्हटलं होतं. इंग्लिश मला तसं करू देईना. ही कम्स होम. ही पार्क्स द कार. ही टर्न्स ऑफ द एंजिन. ही डझ नॉट गेट आउट. प्रत्येक स्वल्पविरामाला मला 'ही', म्हणजे 'तो', म्हणावं लागत होतं, आणि प्रत्येक 'ही'बरोबर माझ्या शेजारी बसलेल्या माणसाकडे बोट दाखवल्यासारखं होत होतं. ही टॉक्स टु हिज बॉस, हू इज नॉट देअर. ही रेझेस हिज फिंगर. इफ ही गेट्स द इंग्लिश राँग, ही सेज इट अगेन. प्राध्यापकाने पेन खाली ठेवलं. माझा आवाज कापत नव्हता, उलट चढत चालला होता. मी त्या परिच्छेदाच्या शेवटपर्यंत गेले.

"थांब," शेन बाई म्हणाल्या. त्यांनी पेन्सिलीने परिच्छेदाचा शेवटचा शब्द दाखवला. "इथे फक्त 'गप्प' आहे. कोण गप्प झालं? वडील की घर?"

"दोन्ही."

"दोन्ही होत नाही. घर म्हणायचं असेल तर 'घर' हा नवा विषय मांडायला हवा."

"मांडला असता तर वडिलांवरचा विषय तिथे तुटला असता," मी म्हणाले. "ते सुटले असते. मला पूर्णविराम येईपर्यंत त्यांना सोडायचं नव्हतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच नीट पाहिलं असावं. पण त्या माघार घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. "भाषांतर पाठ करता येतं," त्या प्राध्यापकाला म्हणाल्या. "उत्तरंसुद्धा. लिहिणाऱ्याने सांगितलेली असतील. सहा आठवड्यांत कुणी असं लिहायला लागत नाही."

मी तोंड उघडणार एवढ्यात शेजारून बाबांचा आवाज आला. इंग्लिशमध्ये, फार सावकाश.

"एक्सक्यूज मी. तो माणूस मी आहे."

"सर, तुम्हाला बोलता..." प्राध्यापक म्हणाला.

"मी गाडीत बसतो," बाबा म्हणाले. "काच वर असते. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. निबंध विकणाऱ्या माणसाला हे कुठून कळणार? हे तिनेच लिहिलं आहे." ते थांबले. ड्रॉइंग तपासताना थांबत असतील तसे. "रोज, असं तिने लिहिलं असेल तर ते चूक आहे. मी रोज बसत नाही. बाकी बरोबर आहे."

प्राध्यापक घसा खाकरून म्हणाला की एवढं पुरे, उरलेला निबंध वाचायची गरज नाही. शेन बाईंनी प्रती गोळा केल्या. मी त्यांच्याकडे बघत होते, एक शब्द तरी म्हणतील म्हणून. त्यांनी प्रती फाइलीत घातल्या आणि त्या निघाल्या. आठवड्याने मार्क आले, वर्गात सर्वांत जास्त होते, आणि त्या परिच्छेदाच्या 'गप्प'खाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'संदिग्ध. दोन मार्क वजा.' त्यानंतरही मी त्यांच्याकडे दोन वर्षं शिकले. आम्ही एकमेकींना आवडलो नाही. माझ्या चिनीत आज जे काही आहे ते पुष्कळसं त्यांचं आहे, आणि हे त्यांना कधी सांगावंसं मला वाटलेलं नाही.

परतीच्या वाटेवर बाबा सरळ रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिले. मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. काय ते माहीत नव्हतं. त्यांनी माझी बाजू घेतली होती, त्यांनीच मला सोडवलं होतं, आणि त्या उपकाराचं काय करायचं ते मला कळत नव्हतं, कारण त्यासाठी त्यांना जे कबूल करावं लागलं त्याचा राग त्यांच्या मानेच्या शिरेत दिसत होता. घरी पोचल्यावर आई दारातच होती.

"काय झालं हो?"

"तिनेच लिहिलं होतं," बाबा म्हणाले. टाय सोडून खुर्चीवर टाकला. मग म्हणाले, "तू खिडकीतून बघत होतीस?"

आईला आधी कळलं नाही, मग कळलं. तिने माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मला आवडलं नाही.

"बघत नव्हते," ती म्हणाली. "पण पोळ्या कधी टाकायच्या ते कळायला नको का?"

"इतकी वर्षं?"

"मग काय करायचं होतं मी? येऊन काच वाजवायची होती?"

ते भांडण मी त्या घरात ऐकलेल्या सगळ्या भांडणांपेक्षा हळू आवाजातलं होतं आणि सर्वांत वाईट होतं. मी वर गेले. त्यानंतर बाबा माझ्याशी बोलायला लागले, म्हणजे नाव घेऊन बोलायला लागले. "मैथिली, तुझा फोन वाजतोय." "मैथिली, कचऱ्याचा बिन बाहेर ठेव." प्रत्येक वाक्यात नाव. एकदाही चुकवलं नाही. लोकांना ते प्रेमाचं वाटलं असतं. मला त्यात शेन बाईंची टकटक ऐकू यायची. मी लिहिलं होतं ना त्यांना नाव न घेता, तर आता ते मला दाखवून देत होते की नाव कसं घेतात.

सेमिस्टर संपल्यावर मी ब्लॅकटाउनला दोन मुलींबरोबर भाड्याने घर घेतलं. संध्याकाळी बॅगा खाली आणल्या. आईने थालीपीठाच्या भाजणीचा डबा दिला आणि आत गेली. बाबा दाराशी उभे होते. मला सोडायला गाडी काढतो असं ते म्हणाले नव्हते, मैत्रीण गाडी घेऊन आली होती. मी बॅग उचलायला वाकले तेव्हा ते म्हणाले, "मैथिली, त्या निबंधाचं पुढे काय होतं?"

"कुठल्या?"

"त्यांनी अर्ध्यावर थांबवलं होतं तुला. पुढचं वाचलं नाहीस. मी शेवटी काय करतो?"

पुढचा सगळा निबंध आईवर होता. पहिल्या परिच्छेदाच्या गोल पूर्णविरामानंतर नवा विषय मांडला होता, 'आई', आणि तिथून शेवटपर्यंत ती एकटीच होती. बाबा त्या गोलाशी संपले होते. मला काहीतरी बनवून सांगता आलं असतं. शेवटी आत येता, जेवता, मला विचारता, आज काय शिकलीस. ते तेवढ्यावर समाधानी झाले असते असंही मला वाटतं.

"पुढे तुम्ही नाहीच आहात, बाबा," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, चूक दाखवल्यावर साहेबाने हलवावी तशी. मग वाकले, माझ्या हातातली जड बॅग घेतली, मैत्रिणीच्या गाडीची डिकी स्वतः उघडली आणि बॅग आत ठेवून ती घट्ट बंद केली. पुढे आईने मला पुष्कळदा सांगितलं की बघ, तुझी बॅग उचलली त्यांनी. मी दरवेळी ऐकून घेतलं. पण मी तिथे होते, मी त्यांचा चेहरा पाहिला होता. मी लवकर निघून जावं, एवढंच त्यांना हवं होतं.